शर्यतीत मागे पडल्यावर

सायकलची शर्यत संपली म्हणजे पहिल्या तिघांच्या गळ्यात हार पडतात व त्यांची छायाचित्रे निघतात. त्यांच्याविषयी लिहिणारे पुष्कळ असतात. आम्ही या लेखात बाकीच्यांविषयी लिहिणार आहोत. साठ स्वार निघाले तर एकोणसाठांच्या वाट्यास पहिला क्रमांक येत नाही, हे साधे गणित होय. तरीही चाळिसावा आलेला मुलगा खिन्न होऊन घरी येतो, सायकल भिंतीस टेकवितो, आणि असे दोन-तीनदा झाले म्हणजे ती तेथेच धूळ खात राहते. हौशी खेळाडूस पगार नसतो की करार नसतो. त्याला पहाटे अंथरुणातून उठवून रस्त्यावर नेणारी शक्ती एकच. ती म्हणजे त्याची हौस. ती कशाने मावळते व कशाने टिकते, याचा विचार करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

प्रथम क्रमांकाचा खरा अर्थ काय, ते पाहू. गणिताच्या पेपरातील गुण आपल्याच उत्तरांवर अवलंबून असतात. शर्यतीतील क्रमांकाचे तसे नाही. त्या दिवशी कोण कोण आले, वारा कोठून वाहत होता, कोणाची ट्यूब फुटली, या साऱ्यांचा त्यात वाटा असतो. सपाट रस्त्यावर वेगाने जाताना स्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यात खर्ची पडते. घोळक्यात दुसऱ्याच्या पाठीमागे राहणाऱ्यास आडोसा मिळतो, व त्याचे श्रम सुमारे पाव ते एक तृतीयांश इतके वाचतात. आता समजा, घाटाच्या माथ्यावर एखादा स्वार घोळक्याच्या पन्नास हात मागे राहिला. मुंबई-पुणे शर्यतीत चढावा लागणारा बोरघाट आठवा. अशाच चढणीवर घोळका फुटतो. पुढची मंडळी आळीपाळीने वारा अंगावर घेतात. मागच्यास मात्र तो एकट्यानेच सोसावा लागतो. पन्नास हातांचे अंतर मग वाढत वाढत शेवटी दहा मिनिटांचे होते. निकालपत्रक दहा मिनिटे दाखविते. वास्तविक उणीव पन्नास हातांची होती. जो हे जाणतो, तो निराश न होता चढणीचा सराव करू लागतो.

दुसरी गोष्ट प्रगतीच्या मापाची. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्यास ३३ किलोमीटरांचा वेग गाठावयाचा असेल, तर वेग दहा टक्क्यांनीच वाढतो; परंतु हवेच्या विरोधावर मात करण्यास लागणारी शक्ती सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढवावी लागते. २० किलोमीटरांची वाट त्याला पूर्वी ४० मिनिटांची होती, ती आता सुमारे ३६ मिनिटे २२ सेकंदांत संपेल. साडेतीन मिनिटांच्या लाभामागे एवढे परिश्रम असतात! तेव्हा महिनाभर कष्ट करून अर्धेच मिनिट कमी झाले, तर कष्ट फुकट गेले असे मुळीच समजू नये.

येथे इंग्लंडमधील बेरिल बर्टन हिचे चरित्र लक्षात घेण्याजोगे आहे. १९३७ साली जन्मलेली ही स्त्री यॉर्कशर प्रांतातील लीड्स शहरची. बालपणी शाळेच्या महत्त्वाच्या परीक्षेत ती उतरली नाही, आणि संधिज्वराने तिला कित्येक महिने रुग्णालयात काढावे लागले. पतीच्या सोबतीने ती सायकल चालवू लागली, तेव्हा सोबत्यांना तिला हात देऊन पुढे ढकलावे लागे. परंतु तिने सायकल सोडली नाही. १९५७ साली १०० मैलांच्या राष्ट्रीय शर्यतीत ती दुसरी आली. पुढे १९५९ पासून १९८३ पर्यंत, म्हणजे सलग २५ वर्षे, लांब पल्ल्याच्या वेळेच्या शर्यतींतील ब्रिटनमधील सर्वश्रेष्ठ स्त्री हा मान तिच्याकडे राहिला. सात वेळा ती जगज्जेती झाली. १९६७ साली बारा तासांत तिने २७७ मैलांहून अधिक अंतर तोडले, व त्याच शर्यतीतील पुरुषांच्या विजेत्यासही मागे टाकले. एवढे सारे करूनही ती अखेरपर्यंत हौशी खेळाडूच राहिली; शेतावर अंगमेहनतीचे काम करून ती सराव करीत असे.

परंतु तिच्या चरित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९७६ साली राष्ट्रीय रस्ता-शर्यतीत तिची स्वतःची कन्या डेनिस पहिली आली व बेरिल दुसरी. बक्षिसाच्या वेळी मातेने कन्येशी हस्तांदोलन केले नाही. जिंकण्याची सवय जडलेल्या मनासही हार पचविणे किती कठीण जाते, हे यावरून दिसते. जी ईर्ष्या आपणास पहाटे उठविते, तीच आवरली नाही तर आपल्या माणसांपासून आपणास दूर नेते. तेव्हा पराभवाचे दुःख होणे स्वाभाविक आहे. ते दुसऱ्यावर काढणे मात्र अनुचित होय.

आता काही व्यवहाराच्या सूचना. शर्यतीच्या दिवशीच सायंकाळी एका वहीत लिहून ठेवावे: घोळका कोठे सुटला, त्यापूर्वी काय खाल्ले-प्यालो, वारा कसा होता, सायकलने कोठे दगा दिला. त्यातून एकच उणीव निवडावी व पुढील महिना तिच्यासाठी द्यावा. हारल्याच्या रागाने दुसऱ्याच दिवशी दुप्पट सराव करण्याचा मोह होतो, तो टाळावा. कारण श्रमाने थकलेले स्नायू विश्रांतीतच बळकट होतात. एखादी ठराविक वाट महिन्यातून एकदा, शक्यतो वारा नसताना, घड्याळ लावून तोडावी. तेथे प्रतिस्पर्धी एकच असतो: गेल्या महिन्यातील आपण स्वतः. आणि आठवड्यातून एक दिवस तरी मित्रांबरोबर केवळ आनंदासाठी फिरावयास जावे. ज्या आनंदाने प्रथम पायडलवर पाय ठेवला, तो हिशेबात हरवू नये.

पालकांसही एक विनंती आहे. मुलगा अथवा मुलगी शर्यतीहून परत आल्यावर आपला पहिला प्रश्न बहुधा “कितवा नंबर आला?” हाच असतो. त्याऐवजी “या वेळी कोठपर्यंत घोळक्याबरोबर राहिलास?” असे विचारून पाहावे. पहिल्या प्रश्नास चाळिसाव्या मुलाकडे एका शब्दाचे उत्तर असते, व ते देताना त्याची मान खाली जाते. दुसऱ्या प्रश्नास त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. आणि ते सांगता सांगताच पुढच्या शर्यतीची तयारी त्याच्या मनात सुरू झालेली असते.