40 किलो कापड घरात आलं, आता याचं करायचं काय?

बसमध्ये, लायब्ररीत, हेडफोन नसताना वाचता यावा म्हणून हा भाग लिहून देतेय.

तर झालं असं, की इतवारीतल्या एका टेलरकाकांनी दुकान बंद केलं. त्यांच्याकडचे कटपीस, अस्तरं, जुन्या साड्या आणि कातरण मी किलोवर उचललं. 40 किलो, 7 गाठोडी! आई म्हणाली, "काय करून राहिली तू हे?" प्रश्न बरोबर आहे. पावसाळ्याआधी मार्ग काढला नाही, तर कापड ओल धरेल, बुरशी येईल आणि सगळं कचऱ्याच्या गाडीत जाईल.

आधी रंग नाही, धागा बघा

आपण लगेच रंगांप्रमाणे गठ्ठे लावतो. थांबा. कापडाचा उपयोग ठरतो तो सुती आहे की पॉलिएस्टर यावर. एक उभा आणि एक आडवा धागा ओढून काढा, चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटावर पेटवा. सुती धाग्याला कागद जळल्यासारखा वास येतो, राख मऊ पडते. पॉलिएस्टर आकसतं, वितळतं आणि शेवटी कडक मणी उरतो. दोन्ही धागे तपासायचे, कारण काही कापडांत उभा एक आणि आडवा दुसराच असतो. टेरिकॉटमध्ये तर एकाच धाग्यात दोन्हीची भेसळ असते.

ही उठाठेव कशाला? पॉलिएस्टरचं फडकं गरम कढईला लावलं तर ते वितळून हाताला चिकटू शकतं. म्हणून चिमटेफडकी, बाळाची दुपटी आणि नागपूरच्या उन्हात डोक्याला बांधायचे दुपट्टे फक्त सुतीच. पॉलिएस्टरच्या पिशव्या शिवा. टिकतात आणि लवकर वाळतात.

मग आकार

मीटरभर किंवा मोठा तुकडा असेल तर उशीचे अभ्रे, झबली, पिशव्या. वीतभर तुकड्यांचे खिसे आणि ठिगळं. मखमल किंवा सॅटिनचे छोटे तुकडे तान्ह्या पोळ्यासाठी ठेवा. पोरांच्या लाकडी बैलावर झूल किती झ्याक दिसते! आणि उरलेल्या चिंध्या? त्यांचं उत्तर आपल्या आज्यांनी कधीच काढून ठेवलंय.

गोधडी

गोधडी म्हणा, वाकळ म्हणा. एवढं कापड पोटात घेणारी दुसरी वस्तू नाही. नऊवारी साधारण 8 मीटर लांब असते. तिचे 2 मीटरचे 4 तुकडे करा आणि दोन-दोन जोडा. वरची बाजू झाली, खालचीही झाली. मध्ये सुती तुकडे सपाट पसरा, एकावर एक फार थर नको, नाहीतर सुई जात नाही. आधी मोठे टाके घालून थर धरून ठेवा, मग कडेपासून आत धावदोरा घालत या. नवीन सुती कापड आधी धुऊन उन्हात वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटून गोधडीला सुरकुत्या पडतील. गडद रंग ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग लागला तर ते कापड फिक्या रंगांबरोबर नको.

हाताने एक गोधडी शिवायला कितीतरी दिवस जातात. त्यामुळे शिवून देणाऱ्या मावशींशी पैशांवरून घासाघीस करू नका. कापड जुनं असतं, मेहनत नवीन असते.

द्यायचं असेल तर

अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये 'गूंज' ही संस्था सुरू केली. त्यांना 2015 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गूंज जुन्या सुती कापडापासून पाळीसाठी पॅडसुद्धा बनवते. म्हणजे आपल्याला चिंधी वाटते, ती कुणाची तरी गरज असते. पण ते कापड धुतलेलं आणि सुतीच हवं. मळकं, कुजकं गाठोडं कुणाच्या दारात टाकणं म्हणजे दान नाही, आपला कचरा दुसऱ्याच्या गळ्यात मारणं झालं.

1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांनी आपल्या नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस पिकवणारा, सूत कातणारा, विणणारा, शिवणारा, एवढ्या हातांतून कापड आपल्यापर्यंत येतं. ते फेकायच्या आधी एक धागा पेटवून बघा, मग कात्री उचला.

तुमच्या घरी गाठोड्यात काय पडलंय? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवते. भेटूया!