पतंगराव कदम : वनखात्यापर्यंतची वाट

सांगली जिल्ह्यातील आजच्या कडेगाव तालुक्यातलं सोनसळ हे पतंगराव कदम यांचं गाव. ते पुण्यात आले, हडपसरच्या शाळेत शिक्षक झाले आणि 1964 मध्ये, जेमतेम विशीत असताना, त्यांनी ‘भारती विद्यापीठ’ या नावाची संस्था काढली. विद्यापीठ होतं ते तेव्हा फक्त नावातच. शाळकरी मुलांच्या गणित-इंग्रजीच्या परीक्षा घेण्यापासून काम सुरू झालं. 1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं, त्याच वर्षी धनकवडीत संस्थेचं अभियांत्रिकी महाविद्यालय उभं राहिलं. 1996 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ‘शिक्षणसम्राट’ हा शब्द ज्या मोजक्या नेत्यांमुळे मराठीत रुळला, त्यांत कदम वरच्या ओळीत बसतात. त्यात कौतुक होतं, तितकाच टोमणाही.

राजकारणात मात्र सुरुवात अडखळत झाली. 1980 मध्ये थोडक्यात हुकलेली भिलवडी-वांगीची जागा त्यांनी 1985 मध्ये अपक्ष म्हणून जिंकली. 1995 मध्ये संपतराव देशमुखांनी त्यांना हरवलं आणि कदम-देशमुख ही लढत तालुक्याच्या राजकारणाचा कणा बनली. 1999 पासून त्यांनी मतदारसंघ सोडला नाही. पुनर्रचनेनंतर तो पलूस-कडेगाव झाला. उद्योग, सहकार, महसूल अशी वजनदार खाती त्यांच्याकडे आली. मुख्यमंत्रिपदासाठी नाव अनेकदा चर्चेत आलं, पद मिळालं नाही.

पृथ्वीराज चव्हाणांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे वन आणि मदत व पुनर्वसन ही खाती होती. महसूल सांभाळलेल्या नेत्याला वनखातं म्हणजे राजकीय हिशेबात एक पायरी खालीच. साखर पट्ट्यातल्या आमदाराच्या मतदारांचा वाघाशी संबंध तो काय! तरीही वाघामुळेच हे खातं गाजलं. 2012 च्या उन्हाळ्यात चंद्रपूर जिल्ह्यात वाघांच्या शिकारीचे प्रकार उघड झाले. तेव्हा शिकाऱ्यांना रोखताना वनरक्षकाच्या हातून कोणी जखमी झालं किंवा मेलं, तरी तो गुन्हा धरला जाणार नाही, असं सरकारने जाहीर केलं. कर्मचाऱ्यांना धीर देणारी ही घोषणा होती. पण जंगलात सरपण किंवा मोह वेचायला गेलेला माणूस आणि शिकारी यांतला फरक बंदूक रोखताना कोण ठरवणार, हा प्रश्न तिने मोकळाच सोडला. डिसेंबर 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा आणि 2014 मध्ये बोर व्याघ्र प्रकल्प झाला, राज्यातल्या व्याघ्र प्रकल्पांची संख्या सहा झाली. मधल्या 2012-13 च्या दुष्काळात मदत व पुनर्वसन मंत्री म्हणून कदमांचा बराच वेळ छावण्या आणि टँकर यांतच गेला.

2014 मध्ये सत्ता गेली, आमदारकी राहिली. 9 मार्च 2018 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत भाजपने उमेदवार मागे घेतला आणि त्यांचे पुत्र विश्वजित कदम बिनविरोध निवडून आले.