उंदीर, ताप आणि धाप

गेल्या मे महिन्यात आम्ही जुरोंग ईस्टहून चिपळूणला गेलो. वर्षभर बंद असलेले घर उघडले, तर माळ्यावर उंदरांच्या लेंड्यांचा सडा! आईने केरसुणी उचलली, मी तिला थांबवले. "उंदरांना कधीपासून भ्यायला लागलास?" ती म्हणाली. मी डॉक्टर नव्हे, इंजिनियर. पण तिला जे सांगितले तेच इथे लिहितो.

उंदरांच्या लेंड्या आणि लघवी वाळून धूळ होते. ती श्वासातून गेल्यास हंटाव्हायरसची लागण होऊ शकते. याचा फुफ्फुसांचा आजार अमेरिका खंडात आढळतो. तो १९९३ मध्ये प्रथम ओळखला गेला. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील योसेमिटी उद्यानात राहिलेल्या १० पर्यटकांना तो झाला, ३ दगावले. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे सुट्टीत अमेरिकेतल्या नातलगांकडे जातात, अशा केबिनमध्ये उतरतात. जुरोंगच्या उंदरातही एक हंटाव्हायरस सापडला आहे. मात्र आशियातले हंटाव्हायरस मुख्यतः मूत्रपिंडांना त्रास देतात.

लक्षणे अशी: संपर्कानंतर १ ते ८ आठवड्यांनी ताप, थकवा, मांड्या, कंबर, पाठ व खांदे खूप दुखणे, कधी उलट्या. नाक सहसा वाहत नाही. आपण फ्लू समजून गोळी घेतो आणि कामाला जातो. मग ४ ते १० दिवसांनी खोकला आणि धाप सुरू होते. फुफ्फुसांत पाणी भरते. या अवस्थेतले १०० पैकी सुमारे ३८ रुग्ण दगावतात. खास औषध नाही. वेळेवर मिळालेला ऑक्सिजन आणि आयसीयू हाच आधार.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात उंदरांमुळेच लेप्टो होतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती. त्यातही ताप आणि अंगदुखी असते, कधी फुफ्फुसांत रक्तस्राव होतो. पण लवकर कळल्यास अँटिबायोटिक लागू पडते.

म्हणून ताप आल्यास डॉक्टरांना आपणहून सांगा: "मी उंदीर असलेल्या जागी राहिलो होतो," किंवा "पुराच्या पाण्यातून चाललो होतो." कुठे आणि कधी, तेही सांगा. धाप लागल्यास सकाळची वाट पाहू नका. सिंगापुरात ९९५, महाराष्ट्रात १०८ फिरवा.

आम्ही दारे-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर बसलो. मग हातमोजे घालून लेंड्यांवर ब्लीचचे पाणी शिंपडले, पाच मिनिटांनी ओल्या कागदाने टिपून घेतले. केरसुणी कोपऱ्यातच राहिली. आई कुरकुरली खरी. पण आता शेजारणींना हीच पद्धत तीच शिकवते.