पंधरा वर्षांची मारुती ८०० फिटनेसमध्ये पास होईल का? आरटीओला जाण्याआधी मोबाइल घेऊन करा ही तपासणी

मारुती ८०० बाजारात आली डिसेंबर १९८३ मध्ये आणि तिचं उत्पादन थांबलं जानेवारी २०१४ मध्ये. म्हणजे शेवटच्या चार-पाच वर्षांत घेतलेल्या ८०० आता एकेक करून पंधरा वर्षं पूर्ण करतायत. सिंधुदुर्गात अशा गाड्या अजून भरपूर दिसतात. माझ्या काकांची त्यातलीच एक. मालवणजवळच्या आमच्या गावात ती बाजाराला, कुडाळ स्टेशनला आणि रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायला वापरली जाते.

काकांचं म्हणणं साधं होतं: "गाडी एका सेल्फात चालू होता, अजून काय व्हया?" पण सेल्फ लागणं आणि फिटनेस पास होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी सॉफ्टवेअरवाला, मेकॅनिक नाही. पण नियम वाचून आणि गाडीखाली मोबाइल सरकवून जे समजलं, ते इथे सोप्या भाषेत सांगतो. तुमच्या घरी अशी गाडी असेल, तर हे काम घरातल्या मोठ्यांपेक्षा तुम्हालाच जास्त चांगलं जमेल.

तपासणी दरवर्षी की पाच वर्षांनी?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, म्हणून आधी हे बघू.

- खासगी गाडी (पांढरी पाटी): मोटार वाहन कायदा १९८८ नुसार नोंदणी १५ वर्षं चालते. त्यानंतर गाडीची तपासणी होते आणि नोंदणी दर वेळी ५ वर्षांनी वाढवून मिळते.
- व्यावसायिक गाडी (पिवळी पाटी): टुरिस्ट टॅक्सी, मासळीचा टेम्पो, छोटा हत्ती वगैरे. पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी फिटनेस, त्यानंतर मात्र दरवर्षी.

म्हणजे तारकर्लीला पर्यटक फिरवणारी जुनी गाडी दरवर्षी तपासणीला जाते आणि तेवढ्याच वयाची घरची ८०० पंधरा वर्षांनी पहिल्यांदाच. पंधरा वर्षांत कुणीही ती खालून नीट बघितलेली नसते, हीच खरी अडचण.

दिल्लीतल्या १० आणि १५ वर्षांच्या बंदीच्या बातम्या वाचून आपल्याकडे लोक घाबरतात. तो विषय दिल्ली आणि आसपासच्या भागाचा आहे. एमएच ०७ ची गाडी तपासणीत पास झाली, तर पंधरा वर्षांनंतरही रस्त्यावर चालू शकते.

मॉडेलवरून निकालाचा अंदाज बांधता येतो का?

थोडाफार येतो. ब्रिटनमध्ये तीन वर्षांपेक्षा जुन्या कारची दरवर्षी 'एमओटी' नावाची तपासणी होते. तिथे गाडीचा नंबर वेबसाइटवर टाकला की ती कधी नापास झाली, कशामुळे झाली आणि तेव्हा किती मैल चालली होती, हे कुणालाही दिसतं. जर्मनीत 'ट्युफ' ही संस्था मॉडेल आणि वय यानुसार दोषांचा अहवाल दरवर्षी काढते. आपल्याकडे एमपरिवहन ॲपवर नोंदणी, फिटनेस, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे ते दिसतं. गाडी का नापास झाली ते दिसत नाही.

पण अशी आकडेवारी हातात असली, तरी ती सांभाळून वाचावी लागते. एक, अगदी वाईट अवस्थेतल्या गाड्या तपासणीला जातच नाहीत, त्या आधीच भंगारात गेलेल्या असतात. त्यामुळे उरलेल्या जुन्या गाड्या आकड्यांत आहेत त्यापेक्षा चांगल्या दिसतात. दोन, गाडी कुठे राहिली हे मॉडेलइतकंच महत्त्वाचं. नागपूरची ८०० आणि देवबागची ८०० कागदावर सारखीच, पण खालून बघितल्या तर ओळखू येणार नाहीत.

पीयूसी: एकच मॉडेल, नियम मात्र वेगवेगळे

पेट्रोल कारचा धूर मोजताना कार्बन मोनॉक्साइड (सीओ) आणि हायड्रोकार्बन (एचसी) बघतात. मर्यादा गाडी कोणत्या उत्सर्जन मानकाची आहे त्यावर ठरते:

- बीएस-२ च्या आधीची: सीओ ३ टक्के, एचसी १५०० पीपीएम
- बीएस-२ आणि बीएस-३: सीओ ०.५ टक्के, एचसी ७५० पीपीएम
- बीएस-४: सीओ ०.३ टक्के, एचसी २०० पीपीएम

आता गंमत बघा. २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूरसह देशातल्या १३ शहरांत बीएस-४ लागू झालं. ८०० त्या मानकात बसवली गेली नाही, म्हणून त्या शहरांतली तिची विक्री बंद झाली. बाकी ठिकाणी, म्हणजे आपल्याकडेही, ती बीएस-३ म्हणून २०१४ पर्यंत विकली गेली. त्यामुळे सिंधुदुर्गातल्या शेवटच्या ८०० ना बीएस-३ ची सैल मर्यादा लागू होते. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं साधं इंजिन, त्यात शेवटच्या वर्षांत कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शन. इंजिन व्यवस्थित असेल तर धुराच्या बाबतीत ही गाडी सहसा त्रास देत नाही.

रीडिंग जास्त आलंच तर त्यावरून दोष ओळखता येतो. सीओ जास्त म्हणजे इंजिनला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त मिळतंय. एअर फिल्टर तुंबलेला आहे का ते आधी बघा. एचसी जास्त म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय. स्पार्क प्लग आणि त्याच्या वायरी बघा. आणि पीयूसीला थंड इंजिन घेऊन जाऊ नका. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून मग जा, कारण सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम झाल्याशिवाय नीट काम करत नाही.

एक सूचना: ऑनलाइन मिळणारं ब्लूटूथ ओबीडी डोंगल या गाडीसाठी घेऊ नका. भारतात ओबीडी सक्तीचं झालं ते बीएस-४ गाड्यांपासून, त्यामुळे ८०० मध्ये ते चालेल याची खात्री नाही.

खरा शत्रू: गंज

किनाऱ्यावर लोखंड लवकर गंजतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण का? गंजायला पाण्याचा पातळ थर लागतो आणि त्या थरात मीठ विरघळलं की तो वीज जास्त चांगली वाहून नेतो, त्यामुळे गंजण्याची क्रिया वेग घेते. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की स्वतःच ओलावा ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरायला लागतं. म्हणजे मालवणात मे महिन्याच्या कोरड्या वाटणाऱ्या दुपारीही गाडीखालचा मिठाचा थर पूर्ण सुकत नाही. त्यावर तांबड्या मातीचा चिखल बसला की झालंच, ओलं फडकं गुंडाळून ठेवल्यासारखं. मासळीच्या टेम्पोत वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी रोज गळतं, त्यामुळे त्यांची अवस्था आणखी वाईट.

वरून रंग चकचकीत असला तरी गंज दाराखालच्या पट्टीत, जॅक लावायच्या जागी, सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेलं असतं तिथे आणि पायाखालच्या पत्र्यात असतो. काकांच्या गाडीत रबरी मॅट उचलल्यावर डाव्या बाजूला पत्र्याला भोक दिसलं. मॅटखाली पावसाचं पाणी वर्षानुवर्षं साचत होतं. तिथे नवा पत्रा वेल्ड करून घेतला.

पत्र्याचं भोक दुरुस्त होतं. सस्पेन्शनची जागा कुजली असेल तर मात्र ती फक्त पास-नापासची गोष्ट राहत नाही. करूळ किंवा आंबोली घाटात वळणावर चाकाचा आधारच सुटू शकतो. तिथे पुट्टी भरून रंग मारणं म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळ.

चॅसिस नंबरही बघा. तो गंजून वाचता येत नसेल, तर गाडी तीच आहे हे सिद्ध करणं अवघड होतं. बाकी सगळं चांगलं असूनही काम अडतं.

गणपती आणि मे महिना: उभ्या गाडीचे ब्रेक

चाकरमान्यांच्या कित्येक गाड्या गावच्या पडवीत वर्षभर उभ्या असतात. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, असं वाटतं. पण मागच्या ड्रम ब्रेकच्या आत गंज धरतो, हँडब्रेकची केबल अडकते आणि एका बाजूचा ब्रेक लागतो, दुसऱ्या बाजूचा लागत नाही. यांत्रिक तपासणी केंद्रात गाडीची चाकं फिरत्या रोलरवर ठेवतात आणि ब्रेक दाबल्यावर डाव्या-उजव्या चाकाचा जोर वेगवेगळा मोजतात. फरक जास्त असला की दोष लगेच उघडा पडतो. रस्त्यावर हाच फरक ओल्या डांबरावर गाडी एका बाजूला ओढतो.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओलावा शोषून घेतं. त्यामुळे दमट हवेत महिनोन् महिने टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल घेऊन थेट पीयूसीला जाऊ नका.

मोबाइल घेऊन अर्ध्या तासाची तपासणी

१. एमपरिवहन उघडा. नोंदणी, विमा आणि पीयूसी यांच्या तारखा बघा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून करता येतो.

२. टॉर्च चालू करून व्हिडिओ काढा. मोबाइल सेल्फी स्टिकवर लावून गाडीखाली सरकवा. जॅक लावून स्वतः गाडीखाली जाऊ नका. मग व्हिडिओ थांबवत थांबवत बघा.

३. चुंबक फिरवा. फ्रीजवरचं चुंबक दाराच्या खालच्या पट्टीवर चिकटलं नाही, तर तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

४. इंडिकेटर मोजा. स्टॉपवॉच लावा. मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे. एक बाजू फारच घाईत लुकलुकत असेल तर बल्ब गेलाय किंवा अर्थिंगच्या स्क्रूला गंज आहे. किनाऱ्यावर स्क्रूचा गंज फार कॉमन. काकांच्या गाडीत तेच होतं, पॉलिश पेपरने घासल्यावर सुटलं.

५. टायरचा फोटो झूम करा. चार आकडी कोडमधले पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष. '१२१६' म्हणजे २०१६ चा बारावा आठवडा. खाचेतल्या उंचवट्यापर्यंत टायर झिजला असेल, तर १.६ मिलिमीटरच उरलाय, बदला.

६. हॉर्न, वायपर, ब्रेक लाइट, काचा, नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात हाय सिक्युरिटी नंबरप्लेट सक्तीची आहे.

ठेवायची की सोडायची?

खर्चाचा हिशोब आधी कागदावर मांडा. १ एप्रिल २०२२ पासून कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपेक्षा जुन्या कारला १०,००० रुपये लागतात. उशीर झाला तर खासगी कारला महिन्याला ५०० रुपये जादा. महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा, तो इंधनानुसार ठरतो. शिवाय विमा आणि दुरुस्ती आहेच.

काकांच्या गाडीचा सांगाडा मजबूत निघाला, म्हणून दोन्ही दुरुस्त्या करून ती ओरोसच्या आरटीओला नेली आणि नोंदणी पाच वर्षांनी वाढली. सस्पेन्शनची जागा कुजलेली असती, तर मी त्यांना गाडी अधिकृत स्क्रॅप केंद्रात द्यायला सांगितलं असतं आणि ते त्यांना आवडलं नसतं.

पुढच्या पाच वर्षांसाठी सगळ्यात स्वस्त उपाय एकच: पावसाळा संपल्यावर आणि समुद्राकाठी फिरून आल्यावर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवा. वरची धूळ नंतर पुसली तरी चालेल.