मोटार रुसली, तर दोष बॅटरीचाच कां?

गेल्या पावसाळ्यांत एके रात्रीं आमच्या थोरल्या काकांस अकस्मात् धाप लागली. त्यांस दवाखान्यांत न्यावयाचें म्हणून पुतण्यानें मोटारीची किल्ली फिरविली, तों नुसता ‘टक्’ असा आवाज झाला. बॅटरी तर पंधरा दिवसांपूर्वींच नवी घातलेली! शेजाऱ्यांच्या गाडीनें वेळ निभावली आणि काका सुखरूप घरीं आले. पण नव्या बॅटरीनें दगा कां द्यावा, हा प्रश्न सर्वांच्या मनास लागून राहिला.

चौकशीअंतीं कळलें कीं, जुन्या बॅटरीचाही अपराध नव्हता. आल्टरनेटरचा पट्टा सैल पडला होता. समोरच्या फळीवरील बॅटरीच्या चित्राचा तांबडा दिवा मधूनमधून लुकलुके, तिकडे कोणींच लक्ष दिलें नाहीं. ताप कशानें आला हें न पाहतां रोग्याचें अंथरूण बदलावें, तसा हा प्रकार झाला.

बॅटरी ही घरांतील कोठी होय. आल्टरनेटर ही मिळकत. कोठी रिकामी दिसली, तर तीन शक्यता असतात: कोठीच फुटकी आहे, मिळकत थांबली आहे, किंवा कोठीस उंदीर लागला आहे. साधा मल्टीमीटर जवळ असल्यास यांतील कोणती खरी, हें कोणासही ठरवितां येतें.

प्रथम बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवट पूड सांचली आहे काय, तारा सैल आहेत काय, हें पाहावें. मग गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळीं मीटर लावावा. नेहमींच्या शिशाच्या बॅटरीचा आंकडा १२.६ व्होल्टच्या आसपास असेल, तर ती भरलेली; १२.२ म्हणजे सुमारें अर्धी; १२ च्या खालीं गेल्यास रितीच समजावी. भरलेल्या बॅटरीचा आंकडा किल्ली फिरवितांना ९.६ च्याही खालीं कोसळत असेल, तर बॅटरी थकली आहे.

नंतर इंजिन चालू ठेवून पाहावें. साधारणतः १३.५ ते १४.७ व्होल्ट दिसले पाहिजेत. आंकडा १२.६ च्या वर चढतच नसेल, तर पट्टा, तारा किंवा आल्टरनेटर यांत दोष शोधावा. १५ च्या वर जात असेल, तर भरणा अति होत आहे. कांहीं नव्या गाड्यांत संगणक हा भरणा कमीजास्त करितो; म्हणून दिवे लावून पुन्हा पाहावें. हें सर्व ठीक असूनही सकाळीं बॅटरी उतरलेली आढळली, तर रात्रीं एखादा दिवा किंवा मागाहून बसविलेलें उपकरण वीज खात असावें.

दोन गोष्टींविषयीं मात्र सावध राहावें. बॅटरींत गंधकाम्ल असतें व भरतांना तिच्यांतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. जवळ ठिणगी नको. तार काढावयाची झाल्यास ऋण टोकाची आधीं काढावी. आणि आल्टरनेटरची परीक्षा म्हणून चालत्या इंजिनावर ती काढण्याची जुनी युक्ति तर कधींच करूं नये. गाडींतील नाजूक यंत्रणा तिनें जळते.

आमच्या घरीं आतां महिन्याच्या पहिल्या रविवारीं मुलें, मुली आणि सुना आळीपाळीनें हे आंकडे वहींत टिपतात. पुढील बॅटरी बदलण्याचा निर्णय ती वही पाहूनच होईल.