बारावीनंतरचा प्रवेश : एक अर्ज पुरेसा नसतो

मे महिना उजाडला की धर्मग्रामाच्या कार्यालयाबाहेरील बाकावर दोन प्रकारची मंडळी बसलेली दिसतात. काही जण विवाहाच्या कागदपत्रांसाठी आलेले असतात, तर काही जण मुलाच्या वा मुलीच्या कॉलेजप्रवेशासाठी बाप्तिस्म्याचा दाखला मागायला. पहिल्यांना वेळ असतो. दुसऱ्यांना मात्र दाखला ‘आत्ताच’ हवा असतो, कारण अर्जाची मुदत त्याच दिवशी संपणार असते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी एक मुलगी आपल्या वडिलांसोबत आमच्याकडे आली. वाणिज्य शाखेत तिला ८० टक्क्यांच्या वर गुण होते. हातात विद्यापीठाच्या अर्जाची छापील प्रत होती. “फादर, फॉर्म वेळेत भरला, तरी कुठल्याच कॉलेजच्या यादीत नाव नाही,” ती रडवेल्या स्वरात म्हणाली. आम्ही कागद पाहिला. अर्ज बिनचूक होता, पण तो केवळ विद्यापीठाकडे केलेल्या नावनोंदणीचा होता. एकाही महाविद्यालयाकडे तिने अर्ज केलेलाच नव्हता. अकरावीला एकच अर्ज भरून, त्यात कॉलेजांचा पसंतीक्रम देऊन प्रवेश मिळाला होता. तसेच याही वेळी होईल, असे तिला वाटले आणि घरात त्याहून अधिक जाणणारे कुणी नव्हते. पुढे उशिराच्या फेरीत तिला घरापासून दूर, विनाअनुदानित तुकडीत जागा मिळाली. तीन वर्षांचे शुल्क भरताना त्या कुटुंबाची जी ओढाताण झाली, ती आम्ही जवळून पाहिली आहे.

म्हणूनच आपल्या वाचकांपुढे ही माहिती सविस्तर मांडावी असे आम्हांला वाटले. आपल्या भागातील बहुसंख्य मुले मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत जात असल्यामुळे याच विद्यापीठाचा विचार आम्ही येथे केला आहे.

सन १८५७ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ पदवी देते, परीक्षेची चौकट ठरवते, परंतु बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी. यांसारख्या अभ्यासक्रमांच्या पहिल्या वर्षाचे प्रवेश महाविद्यालये आपापल्या स्तरावर देतात. विद्यार्थ्याने प्रथम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नावनोंदणी करावयाची असते. ती सक्तीची आहे आणि तिचा क्रमांक पुढे सर्वत्र लागतो. त्यानंतर ज्या ज्या महाविद्यालयात शिकण्याची इच्छा आहे, त्या प्रत्येकाचा अर्ज स्वतंत्रपणे भरावा लागतो. चार महाविद्यालये हवी असतील तर नावनोंदणी एक आणि अर्ज चार. गुणवत्ता यादीही प्रत्येक महाविद्यालयाची वेगळी असते. सेंट झेवियर्ससारखी स्वायत्त महाविद्यालये स्वतःच्या पद्धतीने प्रवेश देतात. त्यांच्या सूचना वेगळ्या पाहाव्या लागतात.

तारखांविषयी एक सावधगिरी. बारावीचा निकाल सन २०२४ मध्ये २१ मे रोजी लागला, तर २०२५ मध्ये ५ मे रोजीच. निकालानंतर थोड्याच दिवसांत नावनोंदणी सुरू होते आणि पहिली यादीही लवकरच लागते. गतवर्षीच्या तारखा मनात धरून गावी किंवा तीर्थयात्रेला गेलेल्या कुटुंबांची अशा वेळी तारांबळ उडते. मे महिन्यात विद्यार्थ्याने घरीच असावे, निदान त्याच्या मोबाईलला रेंज असावी.

काही दारे तर निकालाच्या कितीतरी आधीच बंद झालेली असतात. बी. एम. एस., बी. बी. ए. आणि बी. सी. ए. या अभ्यासक्रमांना सन २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आणण्यात आले आणि त्यांच्यासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाने सीईटी सुरू केली. या परीक्षेची नोंदणी बारावीच्या परीक्षेच्या आगेमागे होते. त्याच काळात काही महाविद्यालयांनी जुन्या बी. एम. एस.ऐवजी व्यवस्थापन विषयातील बी. कॉम. सुरू केले, ज्याला ही सीईटी लागत नाही. नावे इतकी सारखी की पालकांचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. म्हणून केवळ अभ्यासक्रमाचे नाव न विचारता ‘याला सीईटी लागते का?’ हा प्रश्न डिसेंबर-जानेवारीतच महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन विचारावा. दिल्ली विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठांत जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी सन २०२२ पासून सीयूईटी ही वेगळी परीक्षा आहे, आणि तिचाही अर्ज निकालापूर्वीच भरावा लागतो.

आता आपल्या समाजाशी थेट संबंधित असलेल्या बाबीकडे वळू. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० (१) ने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार दिला आहे. सेंट स्टीफन्स कॉलेजच्या खटल्यात सन १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा संस्थांना आपल्या समाजातील विद्यार्थ्यांसाठी निम्म्यापर्यंत जागा राखता येतील असे म्हटले, आणि पुढे २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात हा विषय अधिक विस्ताराने हाताळला गेला. मुंबई परिसरातील ख्रिस्ती अल्पसंख्याक महाविद्यालयांत सर्वसाधारणपणे निम्म्या जागा ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी असतात व त्यांची यादी वेगळी लागते.

परंतु हा लाभ आपोआप मिळतो, हा समज खोटा आहे. अर्जातील अल्पसंख्याक कोट्याचा रकाना रिकामा सोडला की आडनाव डिसोजा असो वा लोपीस, अर्ज खुल्या यादीतच जातो. बाप्तिस्म्याचा दाखला जोडा, असे सांगितलेले असताना तो जोडला नाही तरीही तेच होते. शिवाय हा कोटा केवळ ख्रिस्ती संस्थांपुरता आहे. मुंबईतील अनेक नामांकित महाविद्यालये सिंधी किंवा गुजराती भाषिक अल्पसंख्याकांची आहेत. तेथे आपल्या मुलांना उरलेल्या जागांसाठीच स्पर्धा करावी लागते, आणि त्या जागा थोड्या असल्यामुळे यादी फार वर थांबते. त्याच संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयातून बारावी झालेल्यांनाही प्रवेशात अग्रक्रम असतो. हे सर्व वजा जाता बाहेरून येणाऱ्यासाठी किती जागा उरतात, याचा अंदाज घेऊनच अर्ज कोठे भरायचे ते ठरवावे. केवळ नाव मोठे म्हणून चारही अर्ज अशाच ठिकाणी भरणाऱ्यांना नंतर धावपळ करावी लागते.

खुल्या प्रवर्गातील ख्रिस्ती कुटुंबांना आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे १० टक्के आरक्षण लागू आहे, हे अजूनही अनेकांच्या गावी नाही. सन २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आलेले हे आरक्षण धर्म पाहत नाही; कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असणे आणि मालमत्तेच्या अटी पूर्ण होणे आवश्यक असते. अल्पसंख्याक संस्थांना ते लागू नाही, पण इतरत्र आहे. यासाठीचे प्रमाणपत्र तहसील कार्यालयातून मिळते आणि त्यास वेळ लागतो. मुलींसाठी तर त्याचे मोल आणखी मोठे आहे. राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली, ती या घटकातील, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गातील आणि इतर मागासवर्गातील, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना. म्हणजे खुल्या प्रवर्गातील मुलीला त्या सवलतीचा मार्ग या एका प्रमाणपत्रातून जातो. आपल्या आदिवासी बांधवांच्या बाबतीत, ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारल्याने अनुसूचित जमातीचा दर्जा जात नाही, हेही येथे नमूद करतो. अनुसूचित जातींच्या बाबतीत मात्र १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार तसे नाही.

सर्वांत जास्त डोकेदुखी नावांची. आपली आडनावे पोर्तुगीज काळातली आणि ती इंग्रजीत लिहिण्याच्या तऱ्हा अनेक. डिमेलो हे आडनाव कुणी जोडून लिहितो, कुणी ‘डी’नंतर जागा सोडतो, कुणी अपॉस्ट्रॉफी देतो. संगणकीय अर्ज पुष्कळदा ती अपॉस्ट्रॉफी स्वीकारत नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत एका संताचे नाव, शाळेत लाडाचे नाव, आधार कार्डावर तिसरेच, असाही प्रकार आम्ही पाहिला आहे. पूर्वी शिपायाला किंवा कारकुनाला समजावून सांगता येत असे. यंत्राला समजावता येत नाही. आता विद्यार्थ्याचे श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या पेढीत जमा होतात. तिचे खाते आधारशी जोडलेले असल्याने नावातील एका अक्षराचा फरकही अडथळा ठरू शकतो.

आमचा सल्ला असा की बारावीच्या गुणपत्रिकेवरील नाव प्रमाण मानावे व अर्जात अक्षरशः तेच लिहावे, त्यात स्वतः सुधारणा करू नये. आधार त्याला जुळवून घ्यावे. मात्र आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून विचारपूर्वक. गुणपत्रिकेतच चूक असेल तर आपल्या कनिष्ठ महाविद्यालयामार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज करावा लागतो. आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवहीविषयी: ‘फादर, एवढे एक अक्षर बदलून द्या’ ही विनंती आम्हांला दरवर्षी केली जाते व दरवर्षी नाकारावी लागते. ती नोंद त्या दिवशी काय घडले याची साक्ष आहे. खरोखरीची चूक असल्यास पुरावे देऊन धर्मप्रांताच्या कार्यालयामार्फत दुरुस्ती होते, परंतु ती एका दुपारीत होत नाही.

शुल्काचा हिशेबही अर्ज भरण्यापूर्वीच मांडावा. एकाच इमारतीत, एकाच प्राचार्यांच्या हाताखाली अनुदानित आणि विनाअनुदानित असे दोन्ही वर्ग चालतात. साधे बी. ए. वा बी. कॉम. बहुधा अनुदानित असते. अकाउंटिंग अँड फायनान्स, माहिती तंत्रज्ञान यांसारख्या तुकड्या बहुधा विनाअनुदानित, आणि त्यांचे शुल्क कित्येक पटींनी अधिक. शेजाऱ्याच्या मुलाने घेतले म्हणून आपणही ते घ्यावे, या विचाराचे आम्हांला नवल वाटते. विरार लोकलने रोज चर्चगेटपर्यंत जाऊन येण्यात तीन-चार तास जातात. गर्दीत उभे राहून आलेला मुलगा रात्री किती वाचणार? घराजवळच्या महाविद्यालयात अनुदानित जागा मिळत असताना केवळ प्रतिष्ठेसाठी ती नाकारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर राज्य अल्पसंख्याक शिष्यवृत्ती व राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती या योजनांच्या अटी पाहाव्यात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते तयार ठेवावे.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीचे स्वरूपही बदलले आहे. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून लागू झाले. तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथे वर्ष केल्यास ऑनर्स. एक वा दोन वर्षांनंतर प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडण्याचीही सोय आहे, परंतु त्यासाठी काही अधिकचे काम पूर्ण करावे लागते. मुख्य विषयासोबत दुय्यम विषय निवडायचा असल्यामुळे त्या महाविद्यालयात कोणत्या जोड्या उपलब्ध आहेत, हे आधीच विचारून घ्यावे. आखाती देशांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांतील मुले अन्य मंडळांतून बारावी होऊन येतात. त्यांना विद्यापीठाच्या पात्रता प्रमाणपत्राची आवश्यकता असते, आणि परदेशी मंडळातून आलेल्यांना भारतीय विद्यापीठ संघाच्या समकक्षता प्रमाणपत्राचीही.

राहता राहिली यादी लागल्यानंतरची गोष्ट. पहिल्या यादीत नाव आले की शुल्क भरण्यास मोजके दिवस मिळतात. ‘दुसऱ्या यादीत याहून चांगले कॉलेज मिळेल, थांबू या’ असे म्हणून काही पालक शुल्क भरत नाहीत. हातची जागा जाते आणि दुसरी मिळेलच याची खात्री नसते. पैसे अडकतील ही भीती त्यामागे असते, पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमानुसार प्रवेशाच्या अंतिम तारखेपूर्वी १५ दिवस वा त्याहून आधी प्रवेश रद्द केल्यास सर्व शुल्क परत मिळते. प्रक्रियेसाठी जास्तीत जास्त ५ टक्के, तेही ५,००० रुपयांच्या मर्यादेत कापता येतात. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवसांच्या आत ८० टक्के आणि ३० दिवसांच्या आत ५० टक्के रक्कम मिळते. त्यापुढे काही नाही. म्हणून मिळालेली जागा शुल्क भरून आधी निश्चित करावी व अधिक चांगली मिळाल्यास पहिली लेखी अर्ज देऊन रद्द करावी. त्या अर्जाच्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का व तारीख घेण्यास विसरू नये. त्याच नियमाप्रमाणे महाविद्यालयाला मूळ गुणपत्रिका किंवा शाळा सोडल्याचा दाखला स्वतःकडे अडकवून ठेवता येत नाही. मूळ कागद पडताळून ते लगेच परत करावयाचे असतात आणि विद्यार्थ्याने स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती ठेवून घ्यावयाच्या असतात.