गर्द : अतिमात्रा व प्राणरक्षण

गर्द (ब्राउन शुगर) हे अशुद्ध हेरॉइन असून १९८० नंतरच्या दशकात मुंबईत व तिच्या उपनगरांत त्याचा झपाट्याने प्रसार झाला. पुष्कळसे व्यसनी चंदेरी कागदावर ते तापवून धूर ओढतात. शिरेतून टोचून घेणे त्याहून घातक; त्यात झोपेच्या गोळ्यांची वा मद्याची भर पडल्यास धोका फारच वाढतो.

अतिमात्रेने मृत्यू येतो तो श्वसन थांबल्यामुळे. अफूजन्य द्रव्यांनी मेंदूतील श्वसनकेंद्र मंदावते. श्वास विरळ होतो, ओठ व नखे निळसर पडतात, डोळ्यांतील बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात व घशात घरघर लागते. या घरघरीला घोरणे समजून सोबती रुग्णाला तसेच निजू देतात, ही नेहमीची आणि जीवघेणी चूक होय. वास्तविक बहुधा काही मिनिटांपासून एकदोन तासांचा अवधी मिळतो. मात्र त्या वेळी जवळ वैद्य नसतो, दुसरा व्यसनीच असतो.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये अशा सोबत्यांना व कुटुंबीयांना नालोक्झोन हे प्रतिविष व त्याचे प्रशिक्षण मिळावे, अशी शिफारस केली. भारतात ते मुख्यतः अंतःक्षेपणाच्या रूपात व डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. परिणामी ते रुग्णालयात असते, रुळांलगतच्या झोपडीत नसते. पोलिसांचे भय हा दुसरा अडथळा. अंमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात सेवन हाही गुन्हा आहे. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला कलम ६४अ अन्वये खटल्यापासून सूट मिळू शकते. मदतीस बोलावणाऱ्या सोबत्याला तसे वेगळे अभय नाही.

वांद्र्याचे कृपा फाउंडेशन (१९८१) आणि पुण्याचे मुक्तांगण (१९८६) यांनी व्यसनमुक्तीचा पाया घातला. मुंबईतील संकल्प (१९९५) या संस्थेने रस्त्यावरील व्यसनींत जाऊन निर्जंतुक सुया व जिभेखाली ठेवावयाच्या ब्यूप्रेनॉर्फीनच्या गोळ्या देण्याचे काम हाती घेतले. असे पर्यायी औषध नियमित घेणाऱ्यांत अतिमात्रेचे मृत्यू कमी होतात. उलट केंद्रातून वा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत धोक्याचे असतात : शरीराची सहनशक्ती ओसरलेली असते आणि पूर्वीचीच मात्रा प्राणघातक ठरते. ‘सुधारून’ परतलेल्या मुलाच्या घरी ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

प्रसंगी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, तोंडाने कृत्रिम श्वास द्यावा व श्वास सुरू झाल्यावर रुग्णाला कुशीवर निजवावे. नालोक्झोनचा परिणाम अर्ध्या ते दीड तासात ओसरत असल्याने शुद्धीवर आलेल्यासही एकटे सोडू नये.